एकटं पडलेलं पात्र कथेत कसं उभं करावं : टप्प्याटप्प्याने

एकटेपणावरची कथा म्हटलं की पहिल्या पानावर खिडकी येते. खिडकीबाहेर पाऊस, खिडकीशी माणूस, हातात गार झालेला चहा. दुसऱ्या पानावर भूतकाळ. शेवटच्या पानावर कुणीतरी दार वाजवतं, नाहीतर कुणीच वाजवत नाही. कथास्पर्धा असो की दिवाळी अंकाकडे आलेलं टपाल, हा ऐवज ठरलेला. यात भाषा बहुतेकदा बरी असते, गडबड क्रमाची असते. एकटेपणा दिसतो कसा, इथून लेखक सुरुवात करतात. त्याने माणसाच्या वागण्यात काय फरक पडला, हे ठरवायचं राहूनच जातं.

खालचे पहिले तीन टप्पे कथेचं एकही वाक्य न लिहिता वहीत करायचे आहेत. उदाहरणाला एकच पात्र शेवटपर्यंत ठेवू. सुलभा, वय ४१, तालुक्याच्या गावात एका पतसंस्थेत कॅशियर. घरी नवरा, सासू, दीर, जाऊ आणि तीन मुलं. मुद्दामच भरल्या घरातली बाई घेतली आहे. निवृत्त वडील आणि अमेरिकेतला मुलगा या जोडीला आता काही वर्षं सुट्टी द्यायला हरकत नाही.

टप्पा १ : नेमकं काय नाही, ते एका ओळीत लिहा

‘तिला एकटं वाटतं’ ही ओळ चालणार नाही. त्यातून कथेला काहीच मिळत नाही.

रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले. एकात जिवाभावाचं एक माणूस नसतं. दुसऱ्यात ऊठबस करायला गोतावळा नसतो. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही, हे लेखकाच्या कामाचं आहे. नव्या शहरात बदलून गेलेल्या माणसाला फोनवर बोलायला बायको असते, पण संध्याकाळी कट्ट्यावर ‘ये, बस’ म्हणणारं कुणी नसतं. सुलभाचं उलटं आहे. हळदीकुंकवाला बायका आहेत, भिशी आहे, घरात पाय ठेवायला जागा नाही. दिवसभरातली एखादी फालतू गोष्ट ऐकून घेणारं मात्र कुणी नाही.

तिची ओळ अशी होईल: ‘सुलभाला आज काय झालं ते सांगायला कुणी नाही.’

तपासा: तुमच्या ओळीतली उणीव घटनेच्या रूपात दाखवता येते का? ‘प्रेम नाही’, ‘आपलेपणा नाही’ हे दाखवता येत नाही. ‘आजारी पडलं तर औषध आणून देणारं कुणी नाही’ हे येतं.

टप्पा २ : सुरुवातीची तारीख ठरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मग पात्र जन्मापासून एकाकी असल्यासारखं वागतं आणि कथा जागची हलत नाही.

नवा एकटेपणा आणि जुना एकटेपणा माणसाला वेगवेगळं वागवतात. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी ४० जणांना दहा तास माणसांपासून आणि फोनपासून पूर्ण तोडून ठेवलं. दुसऱ्या एका दिवशी त्यांनाच दहा तास उपाशी ठेवलं. एकटं राहिल्यावर माणसं मिळूनमिसळून असल्याची चित्रं दाखवली आणि उपाशी राहिल्यावर खाण्याची, तेव्हा मेंदूच्या एकाच भागात सारखी हालचाल दिसली. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सुरुवातीला माणूस भुकेजल्यासारखा माणसांकडे धावतो. उगाच फोन करतो, दुकानात रेंगाळतो, लिफ्टमधल्या अनोळखी माणसाशी हवापाण्यावर बोलतो.

वर्षं गेली की चित्र पालटतं. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं. दीर्घकाळ एकटा पडलेला माणूस समोरच्याकडून दगाफटका होईल की काय याची सतत टेहळणी करतो, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. त्याला माणसं हवीच असतात, पण तो त्यांच्यापासून सावध झालेला असतो. धावणारा आणि टेहळणारा, यांपैकी तुमचं पात्र आज कुठे आहे ते ठरवा.

सुलभाची तारीख सहा वर्षांपूर्वीची. एका संध्याकाळी कॅशमध्ये ५०० रुपये कमी आले. मॅनेजरने सगळ्यांसमोर तिला तीनदा रक्कम मोजायला लावली. रात्री तिने हे नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने तोच किस्सा सगळ्यांना सांगितला, गंमत म्हणून. सगळे हसले. दीर तेव्हापासून तिला अधूनमधून ‘पाचशे वहिनी’ म्हणतो. त्यालाही त्यात वावगं काही वाटत नाही. त्यानंतर सुलभाने नवऱ्याला दिवसभरातलं काही सांगितलेलं नाही. आणि त्याच्या ते लक्षातही आलेलं नाही.

घटना लहान आहे हे पाहा. मृत्यू, घटस्फोट, बलात्कार असं मोठं कारण हाताशी धरलं की वाचक सहानुभूती देऊन मोकळा होतो. वागण्याकडे तो बघतच नाही.

सावधान: ही तारीख तुम्हाला माहीत हवी, वाचकाला पहिल्या पानावर सांगायची नाही. गावाच्या लेखी सुलभाचा ‘स्वभावच तसा’ आहे. तो तसा कधीपासून झाला हे फक्त तुम्हाला ठाऊक असणं, यावरच कथा उभी राहते.

टप्पा ३ : चुकीच्या वाचनाची साखळी लिहा

इथे घाई करू नका. बाकी सगळे टप्पे मिळून लागेल तेवढा वेळ या एका टप्प्याला द्या.

एकटं पडलेलं माणूस समोरच्याच्या साध्या वागण्याचा वाकडा अर्थ लावतं. त्या अर्थाला धरून वागतं. त्या वागण्याने समोरचा खरंच दूर जातो. मग याला वाटतं, आपलं बरोबरच होतं. ही साखळी वहीत पाच ओळींत उतरवा. सुलभाची अशी:

१. घटना: नवीन लागलेली प्राजक्ता विचारते, “मॅडम, परत मोजताय? द्या, मी मोजते.”
२. लावलेला अर्थ: हिलाही कुणीतरी पाचशेचं सांगितलंय.
३. कृती: सुलभा उत्तर देत नाही. दुपारी डबा घेऊन रेकॉर्डरूममध्ये जाऊन बसते.
४. परिणाम: प्राजक्ता दोन दिवस वाट बघते, मग बाकीच्यांबरोबर जेवायला लागते.
५. नवा पुरावा: ‘मला वाटलंच होतं.’

पहिल्या ओळीतलं प्राजक्ताचं बोलणं पुन्हा वाचा. त्यात टोमणा नाही. पण टोमणा म्हणून ऐकता येईल एवढी फट आहे. ती फट नसेल, म्हणजे बोलणं अगदीच निरागस असेल, तर सुलभा वेडी वाटते. बोलणं खरंच खोचक असेल तर सुलभा बरोबर ठरते आणि साखळी तुटते. हा एक संवाद जमेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहा. मोठ्याने वाचा. घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवून विचारा, ‘ही मुलगी चिडवतेय का?’ उत्तर ‘सांगता येत नाही’ असं आलं की पुढे जा.

साखळीची दुसरी फेरीही लिहा, पण तिसरी ओळ बदला. लेखक इथे फसतात ते असे: पात्र पहिल्यांदा गप्प बसतं, दुसऱ्यांदा गप्प बसतं, तिसऱ्यांदाही गप्पच बसतं. एकटेपणातून माघार जशी येते तशी अतिरेकी सलगीही येते. प्राजक्ताचा साखरपुडा ठरतो. तिच्याशी धड बोलणंही होत नसताना सुलभा एकटीच तिच्यासाठी दीड किलो बेसनाचे लाडू करून नेते. प्राजक्ता गोंधळते, थँक्यू म्हणते आणि डबा सगळ्या स्टाफमध्ये फिरवते. ते स्वाभाविकच आहे. सुलभा मात्र कुणी किती घेतले ते मोजत बसते, आणि प्राजक्ताने स्वतः एकच घेतला हे तिच्या डोक्यात राहतं.

अगदी टोकाचा नमुना बघायचा असेल तर रशियन लेखक दस्तयेवस्कीच्या १८६४ सालच्या ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ या कादंबरीतलं मेजवानीचं प्रकरण वाचा. निवेदक जुन्या वर्गमित्रांच्या मेजवानीत कुणाला नको असताना स्वतःला घुसवतो, तिथे जाऊन त्यांचाच अपमान करतो. मग ते सोफ्यावर गप्पा मारत बसलेले असताना हा त्याच खोलीत आठ ते अकरा, तीन तास बूट आपटत येरझाऱ्या घालतो. आपल्याला त्यांची पर्वा नाही हे त्यांना दिसावं म्हणून. यात ‘मी एकटा आहे’ असं म्हणायची गरजच उरत नाही.

तपासा: पाच ओळींपैकी एकही ओळ फक्त ‘वाटण्याची’ असेल तर ती दुसरी किंवा पाचवीच असली पाहिजे. बाकी तीन ओळी डोळ्यांनी दिसणाऱ्या हव्यात.

टप्पा ४ : सवयी निवडा, दोनच

आता कुठे वस्तूंकडे वळायचं. आधी वळलात तर मांजर, रोजनिशी, रिकामी खुर्ची आणि दोन कप चहा येतात. ते कुठल्याही पात्राला चालतात, म्हणजे कुणाचेच नसतात.

सवय टप्पा २ मधून निघाली पाहिजे. सुलभाला मोजायला लावलं होतं, म्हणून ती मोजते. नोटा तीनदा हाताने मोजून मग यंत्रात घालते. घरी पोळ्या मोजते, वाळत घातलेले मोजे मोजते. दुसरी सवय: नोटा मोजायच्या यंत्राशी ती हळू आवाजात बोलते. “नीट बघ हं.” यंत्राने नोट अडकवली की त्याला रागावते. हे लेखकाचं लाडिक चोचलं नव्हे. मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं की एकटी माणसं यंत्रांना आणि पाळीव प्राण्यांना अधिक माणसासारखं मानतात.

दोनच सवयी ठेवा, पण प्रत्येक सवय किमान तीन ठिकाणी येऊ द्या, आणि तिन्ही वेळा तिचा अर्थ थोडा सरकू द्या. पोळ्यांची मोजणी आधी गमतीशीर वाटेल, मग त्रासदायक. शेवटी सासूने एक पोळी ताटाखाली झाकून ठेवली आणि सुलभाची मोजणी चुकली, तर तिथे कथा घडेल.

टप्पा ५ : संवाद

दोन चुका नेहमीच्या. एकटं पात्र अगदीच मुकं असतं, किंवा ते स्वतःच्या एकटेपणावर सुंदर बोलतं. प्रत्यक्षात ते बोलतं, कधीकधी भरपूर बोलतं, पण देवाणघेवाण बिघडलेली असते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संभाषणांवरचा १९८२ सालचा एक अभ्यास आहे. त्यात एकटे विद्यार्थी समोरच्याला प्रश्न कमी विचारतात, त्याच्या बोलण्याचा धागा कमी पकडतात आणि विषय मध्येच बदलतात असं आढळलं. संवाद लिहिताना हे तीनही हातात धरता येतात.

आधी हा चुकीचा मसुदा:

“कसं चाललंय, मॅडम?”
“काय चालणार… माणसांच्या गर्दीतही माणूस एकटाच असतो गं.”

असं पतसंस्थेत कुणीही बोलत नाही. आता हा:

“मॅडम, उद्या मी येणार नाही. आईला सांगलीला दाखवायचंय.”
“सांगलीची गाडी सकाळी फार भरते. माझा भाऊ जायचा ना, तर त्याला उभं राहूनच जावं लागायचं. तो आता नाही जात. आणि हे व्हाउचर कुणी फाडलं असं?”

प्राजक्ताच्या आईला काय झालंय हे सुलभाने विचारलंच नाही. तिला विचारायचं नव्हतं असं नाही. वाचकाला ती जागा रिकामी दिसते आणि प्राजक्तालाही. लेखकाने त्यावर एक शब्द बोलायची गरज नाही.

प्रथमपुरुषी निवेदन असेल तर हीच बिघडलेली देवाणघेवाण वाक्यरचनेत उतरते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ कादंबरीतला पांडुरंग पुण्याच्या वसतिगृहात पोरांच्या गराड्यात असतो, तरी त्याच्या बोलण्यातले ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ प्रत्येक गोष्टीला हातभर लांब ठेवतात. १९६३ पासून त्याची नक्कल करणारे खूप झाले, त्यात भर नको. तुमच्या पात्राची स्वतःची लकब शोधा.

टप्पा ६ : बाकीच्यांना खलनायक करू नका

दीर दुष्ट, सासू खाष्ट, नवरा दगड, असं झालं की सुलभा बळी ठरते आणि बळीला स्वभाव लागत नाही. तिच्या भोवतीची माणसं साधारण बरी हवीत, फक्त आपापल्या घाईत.

रशियन लेखक चेकॉव्हची ‘मिझरी’ ही आयोना या गाडीवाल्याची कथा, १८८६ सालची, पेन्सिल घेऊन वाचा. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात गेलाय आणि त्याला ते सांगायचंय. पहिलं गिऱ्हाईक एक लष्करी अधिकारी. तो ‘कशाने गेला?’ असं विचारतोसुद्धा, पण मग डोळे मिटून घेतो. नंतर तीन पोरं येतात, शिव्या देतात, कमी भाडं सांगतात. आयोना त्या भाड्याला तयार होतो, आणि पाठीमागे ती पोरं भांडत असताना त्याला जरा बरं वाटतं. माणसांचा आवाज तरी येतोय. पुढे एक दरवान, मग मुक्कामाच्या जागी पाणी प्यायला उठलेला तरुण गाडीवाला, जो पांघरूण ओढून झोपी जातो. शेवटी घोडी. यातला कुणीही राक्षस नाही. प्रत्येकाकडे न ऐकण्याचं साधं, पटण्यासारखं कारण आहे. न परवडणारं भाडं तो स्वीकारतो त्या ओळीवर खूण करा. भूक वागण्यात कशी दिसते, याचा इतका नेमका नमुना क्वचित सापडतो.

करून बघा: तुमच्या कथेतला एक प्रसंग दिराच्या बाजूने एक पानभर लिहा. ते पान कथेत जाणार नाही. पण त्यात दीर स्वतःला विनोदी, घर हसतं ठेवणारा माणूस समजतोय असं आलं, तर कथेतला ‘पाचशे वहिनी’ हा उच्चार आपोआप बदलेल.

टप्पा ७ : आता पहिला खर्डा

सुरुवात पात्र चारचौघांत असताना करा. एकट्या खोलीतला प्रसंग पहिल्या तृतीयांशात नकोच. सुलभाची कथा रात्रीच्या जेवणाने सुरू होऊ शकते:

सुलभाने डब्यातल्या पोळ्या बोटाने वरवर मोजल्या. एकोणीस. “कुणाची राहिलीय?” सासूबाईंनी विचारलं. “कुणाची नाही,” ती म्हणाली आणि पुन्हा मोजल्या. धाकट्याने पाण्याचा तांब्या लवंडला. दीर म्हणाला, “बघा, पाचशे लिटर गेलं.” सगळ्यांच्या आधी सुलभाच हसली.

शेवटचं वाक्य सगळ्यांत उशिरा सुचेल. ती रडत नाही, उठून जात नाही, सगळ्यांच्या आधी हसते. सहा वर्षांत शिकलेला बचाव आहे तो, आणि पाचशेची भानगड काय हे वाचकाला अजून माहीत नाही.

शेवटाबद्दल थोडक्यात. एक मैत्रीण भेटली आणि सगळं सुटलं, हा शेवट टप्पा ३ ला खोटं पाडतो. वर्षानुवर्षं टेहळणाऱ्या माणसाला मदतीचा हातही आधी संशयास्पद वाटतो. आत्महत्येचा शेवट तर बहुतेक वेळा लेखकाचीच सुटका असते. शेवटासाठी साखळीतली एकच कडी हलवा. प्राजक्ता एखादा प्रश्न विचारते, सुलभा नेहमीचा अर्थ लावते, आणि तरीही वेगळी कृती करते. किंवा योग्य अर्थ लावते, पण प्राजक्ताची तोवर बदली झालेली असते. पहिला शेवट मला अवघड वाटतो, म्हणून आधी तो लिहून बघा.

टप्पा ८ : दुरुस्ती

खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. मग एकेका कामासाठी एकेक वाचन करा.

पहिल्या वाचनात ‘एकटी’, ‘एकाकी’, ‘पोकळी’, ‘रितेपण’, ‘शून्यात नजर’, ‘भयाण शांतता’ हे शब्द शोधून सगळे उडवा. एखादं वाक्य त्यामुळे कोसळलं तर समजा की तिथे प्रसंग लिहायचा राहिलाय. ‘एकटी’ हा शब्द दुसऱ्या एखाद्या पात्राच्या तोंडी, चुकीच्या अर्थाने आला तर ठेवा. जाऊ म्हणते, “ताईंना ना एकटीनेच काम करायला आवडतं.” तो राहू द्या.

दुसऱ्या वाचनात पाऊस, खिडकी, गच्ची, समुद्र यांच्यावर फुली मारा. कोकणातली कथा असेल तर पाऊस ठेवावा लागेल, पण मग त्याने छपराचं, चुलीचं, एसटीच्या वेळेचं काहीतरी बिघडवलं पाहिजे.

तिसऱ्या वाचनात सुलभाची एक तरी खटकणारी गोष्ट सापडते का बघा. एकटं माणूस कंटाळवाणं असू शकतं, कुरकुरं, हिशोबी, दुसऱ्याच्या सुखावर बारीक नजर ठेवणारं असू शकतं. वाचकाला एखाद्या पानावर तिचा राग आला नाही, तर लेखकाने तिला फार जपलंय. प्राजक्ताच्या साखरपुड्याच्या फोटोत सुलभा कुठेच नाही हे ती तीनदा तपासते, आणि दुसऱ्या दिवशी प्राजक्ताच्या हिशोबातली बारीकशी चूक मॅनेजरसमोर काढून दाखवते. एवढं तिच्याकडून होऊ द्या.

चौथं वाचन दुसऱ्याकडून करून घ्या. ‘कथा कशी वाटली’ असं विचारू नका, ‘छान’ असं उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: ‘ही बाई तुमच्या ऑफिसात असती तर तिच्याबरोबर जेवायला बसला असता का?’ ‘हो, लगेच’ असं उत्तर आलं तर टप्पा ३ कच्चा आहे. ‘मुळीच नाही’ आलं तर टप्पा २ वाचकापर्यंत पोचलेला नाही. वाचणारा थोडा थांबला आणि आपल्याच ऑफिसातल्या कुणाबद्दल तरी बोलायला लागला, तर कथा पाठवायला हरकत नाही. तेवढं शीर्षक ‘एकटी’ ठेवू नका.